परत पेरलेलं मीठ

कोपरच्या खाडीला लागून सहा घरांचं एक मिठागर होतं. खाडीला बांध घालायचा, उधाणाचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या फळीच्या दारातून, आत घ्यायचं, मोठ्या वाफ्यांत उन्हाला तापत ठेवायचं, मग लहान वाफ्यांत सोडायचं, आणि पाणी उडून तळाशी उरेल ते लाकडी फळीनं ओढून काठावर रास घालायची. एवढाच धंदा. त्याला बैल लागत नाही, बियाणं लागत नाही. चिखल, ऊन आणि माणसाचे पाय लागतात. आणि अलीकडे सरकारची परवानगी लागते. ऊन देवाचं, पाणी खाडीचं, पाय आपले, पण वाफ्यात पांढरं दिसलं की ते सरकारचं! मिठाचं खातं म्हणून एक नवं देवस्थान उभं राहिलं होतं आणि त्याचा नाका थेट बांधावर बसला होता. मीठ तोलायचं, जकात भरायची, चिठ्ठी घ्यायची, मगच ते होडीत चढायचं. ज्यानं पिकवलं त्यानं घरच्या कालवणात टाकायला चिमूटभर उचललं तरी तो चोर.

या आगरावर हुकूम चालायचा गोदूबाईचा. पट्टा तिच्या नावावर नव्हता. नवरा बांध फुटला त्या उधाणात गेला आणि पट्टा दिराच्या, काळुरामाच्या नावावर चढला. काळुराम अंगानं रेडा आणि स्वभावानं गाय. पाणी कधी सोडायचं, कधी अडवायचं, हे गोदूबाईच जिभेवर थेंब ठेवून सांगायची आणि बाकीची पाच घरं मान हलवायची. तोंडानं फाटकी बाई, पण तिच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे.

फुटलेला बांध सहा घरांनी स्वतःच्या हातांनी परत उभा केला. गाळानं बुजलेले वाफे पायांनी मळून मळून घट्ट केले. दोन वर्षं मीठ नावाला आलं, तेही काळपट. तिसऱ्या वर्षी मात्र चैत्र असा तापला आणि मीठ असं उतरलं, की काठावरच्या राशी बघायला आगगाडीतले लोक खिडकीतून माना काढत. गोदूबाई रोज एकदा त्या राशींना फेरी मारायची आणि कोणी बघत नाही असं बघून कानशिलावर बोटं मोडायची. आगर वाचलं, एवढंच तिच्या मनात.

अशात एक दिवस मधुशेठ छत्री धरून बांधावर आला.

मधुशेठचं आगर खाडीपलीकडे. कोपरसारखी वीस आगरं त्याच्या पोटात मावतील एवढं. मिठाच्या घाऊक विक्रीचा परवाना त्याचा, कल्याणला वखार त्याची, आणि नुकतंच लोकल बोर्डात त्याला सरकारनं खुर्ची दिली होती. तेव्हापासून तो गरिबांशी फार गोड बोलायचा.

"गोदूबाई, मीठ छान आलंय हो!"

"नजर नका लावू शेट. तुमच्या आगरान याच्या वीसपट असल."

"म्हणून तर सांगायला आलो. नवा कायदा झालाय. पौर्णिमा झाली की मिठाचा साहेब येणार, आगर न् आगर बघणार. ज्याच्या राशी मोठ्या त्याच्या माथी नाक्याचा, पहाऱ्याचा सगळा खर्च. माझं काय, मी भरीन रडतखडत. तुमचं कसं व्हायचं?"

काळुराम खाली बसला. "मंग काय करावा शेट?"

"मी काय सांगणार बाबा? मी बोर्डाचा माणूस." मधुशेठनं पान चघळत राशींकडे बघितलं. "सरकारचा माणूस आला म्हणजे तुमचे वाडवडील करत होते ते करा."

"आनि नाक्यावरचा आनंदा शिपाई? त्याला डोले नाय?" गोदूबाईनं विचारलं.

"त्याची मावशी आजारी आहे म्हणे शहाडला. जाईल बिचारा चार दिवस भेटायला." शेठ हसला, छत्री खांद्यावर टेकवली आणि गेला.

वाडवडील काय करत होते? तर हात रिकामे दाखवत होते. फिरंगी आला तेव्हा दाखवले, पेशव्यांचा कमाविसदार आला तेव्हा दाखवले. जास्त आहे म्हटलं की जास्त नेतात, हे शहाणपण त्या सहा घरांत पोरांना बोलता येण्याआधी शिकवलं जायचं. सरकार आलं की बाया डोक्यावर फाटका पदर घ्यायच्या, म्हातारे खोकायला लागायचे. याला कोणी लबाडी म्हणत नसे. पाऊस आला की घोंगडी घेतो, तसंच हे.

दुसऱ्या दिवशी गॅब्रिएल आला. हा ठाण्याकडचा किरिस्ताव होडीवाला. कोपरचं मीठ त्याच्याच होडीतून जायचं. होडी चिखलात तशीच टाकून तो धापा टाकत बांधावर चढला.

"गोदूबाय, शेट काय सांगून गेला तुना?"

गोदूबाईनं सांगितलं. गॅब्रिएलनं कपाळावर हात मारून घेतला.

"आयक माजा. साहेबाचा खानसामा आमच्याच देवलातला. मी मासे पोचवाला गेलेलो तव्हा यो तुजा शेट साहेबाच्या व्हरांड्यान बसलेला. खानसाम्यानं आयकला सगला. नव्या कायद्यान ल्हान आगरां बंद करायचीत. तीन वरसांचा मीठ बघतान, नं ज्याचा कमी पडला त्याचा आगर गेला. तुमची दोन वरसां तं अशीच गेली. आता या राशीच तुमाला राखतील. दाखव सगल्या! खाली रेती घाल, वर मीठ पसर, नं दुप्पट करून दाखव!"

गोदूबाई खो खो हसली. "आयकला का रं काळुराम? सरकारला जास्ती दाखवा बोलतंय! काय रं गाब्रेल, साहेब जेवताना खानसाम्याला कायदा वाचून दाखवतंय?"

"मस्करी नको करू गं बाय."

"मस्करी तूच करतंस. मीठ जेवढा जास्ती तेवढी तुजी होडी भरते. म्हनून तुजा जीव जलतंय."

गॅब्रिएल खोटं बोलणारा नव्हता, तिथेच तो फसला. "भरते ना. तुजा आगर ऱ्हायला तं माजी होडी ऱ्हाते. त्यान काय पाप हाय?"

"बघा! बोलला शेवटी पोटातला!" गोदूबाई बाकीच्यांकडे वळून म्हणाली आणि सगळे हसले.

गॅब्रिएल चिखल तुडवत परत गेला. गरिबाचा स्वार्थ हा असा असतो, फाटक्या लंगोटीसारखा, लांबूनच सगळ्यांना दिसतो. श्रीमंताचा स्वार्थ पागोटं घालून येतो, लोक त्याला वाकून नमस्कार करतात आणि बसायला घोंगडी टाकतात. गोदूबाई काही मूर्ख बाई नव्हती. पण जन्मभर तिला कोणी वरच्यानं फुकटचं शहाणपण दिलं नव्हतं, आणि पहिल्यांदा दिलं तेव्हा ते तिला खरंच वाटलं.

आता एवढ्या राशी लपवायच्या कुठं? घरात नेलं तर चोरी. गवतानं झाकलं तर साहेब काठीनं उचकून बघणार. तेव्हा गोदूबाईनं जे सुचवलं ते आगरात जन्मलेल्या माणसालाच सुचेल. भात कापलं की कापलं, आंबा उतरवला की उतरवला. मीठ हे एकच पीक असं, की ते परत पाण्यात पेरता येतं.

"उधानाचा नवा पानी वाफ्यांन घेवू," ती म्हणाली, "नं राशी त्यान ढकलू. विरघलून जातील. साहेब येल, पानी बघल, जायल. मंग चांगला ऊन पडला का परत तेच मीठ वर येल. कना जातंय? आपल्याच वाफ्यान हाय."

कोणी नाही म्हटलं नाही. उलट पोरं खूष झाली, सरकारला फसवायचं म्हणून.

पौर्णिमेचं उधाण भर दुपारी चढतं. उघाडीची फळी काढली तसं खाडीचं पाणी फेसाळत आत आलं आणि वाफे भरले. मग बायका-पुरुष-पोरं सगळी फळ्या घेऊन राशींना भिडली. ओढून काढायला महिने लागले होते ते ढकलायला दोन दिवस लागले. पांढऱ्या दरडी पाण्यात कोसळायच्या आणि पायांनी ढवळल्या की बघता बघता नाहीशा व्हायच्या. सगळ्यांच्या पायांना चिरा पडलेल्या, त्यांत मीठ झोंबत होतं, तरी बाया गाणी म्हणत होत्या. काळुराम तेवढा मध्येच थांबला.

"वयनी, एक रास तरी मोठी ठेवू का?"

"ठेव नं भर तू पहाऱ्याचा खर्च! ढकल!"

त्यानं ढकलली. काठावर चार-दोन टोपलीभर ढिगारे राहिले, तेही काळपट बघून ठेवलेले.

तिसऱ्या दिवशी साहेब घोड्यावरून आला. बरोबर कल्याणच्या कचेरीतले कारकून हरिहरपंत, मागून मधुशेठ, आणि मावशी एकाएकी बरी झालेला आनंदा शिपाई. गोदूबाईनं पदर डोक्यावर ओढला आणि तोंड सुरू केलं. काय सांगावं ते रडणं! बांध फुटला, नवरा गेला, वाफ्यांना रोग लागला, ऊन पडत नाही, पडलं तर वारा नाही, मीठ येतच नाही, पोरं पेज पिऊन झोपतात. म्हातारे खोकत होते. पोरं नाकं ओढत होती. असा तमाशा कोपरला पूर्वी झाला नव्हता.

साहेब तिच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. हरिहरपंत लिहून घेत होते. गोदूबाईला वाटलं, विरघळला साहेब. ती आणखी चढली. "साहेब, या आगरान काय राम नाय ऱ्हायला!"

साहेब काहीतरी बोलला. हरिहरपंतांनी घसा खाकरला.

"साहेब म्हणतात, तुमचे हाल त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. तीन वर्षांचं पीक कायद्यानं ठरवलेल्या मापापेक्षा फारच कमी आहे. एवढ्याशा मिठासाठी सरकारनं नाका चालवावा आणि तुम्ही उपाशी मरावं, यात कोणाचंच हित नाही. म्हणून आजपासून हे आगर बंद. तुमची या जाचातून सुटका झाली."

काळुरामाला नीट कळलं नाही. त्यानं हात जोडले. "सुटका? म्हंजे खर्च माफ का मालक?"

"मायबाप सरकार," मधुशेठ मागून म्हणाला आणि साहेबाला वाकला.

आनंदा शिपायानं उघाडीला कुलूप ठोकलं तेव्हा सगळ्यांना कळलं. गोदूबाई उभी होती तिथेच राहिली. एवढा वेळ खोटं रडलेल्या बाईला आता खरं रडू येईना. आणि आलं असतं तरी ते कोणाला ओळखू आलं असतं?

संध्याकाळी मधुशेठचा माणूस घरोघरी सांगून गेला, ज्यांना काम हवं असेल त्यांनी पलीकडच्या आगरावर यावं, रोजावर. शेठ दयाळू आहे.

गोदूबाई काळुरामाला म्हणाली, "मी कल्यानाला जाते. खरा सांगते. मीठ हाय आमच्या पान्यान. चार दिवसांनी येवून बघ म्हनते."

तिला नेलं गॅब्रिएलनंच. होडी मागितली तशी त्यानं काही न बोलता वल्ही घेतली. होडी खाडीच्या मध्यावर आली.

"बोल की रं," ती शेवटी म्हणाली. "मी तुना काय काय बोल्ले."

"आता बोलून काय? तू काय मुद्दाम बोल्लीस? माज्या आजाला सांगतं कोनी जास्ती दाखव, तं तो पन हसता." त्यानं वल्हं मारलं. "कारकुनाला नीट सांग. तो बरा मानूस हाय म्हन्तान."

हरिहरपंत खरोखरच बरे माणूस होते. लाच खात नव्हते, गरिबाला अरे-तुरे करत नव्हते. गोदूबाईनं सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी आधी उठून दार लोटलं.

"बाई, हळू बोला. तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला कळतंय का? पिकलेलं मीठ खात्याला न कळवता तुम्ही पाण्यात घातलंत. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याला फसवलंत. हा गुन्हा आहे. दंड नाही, कैद आहे. पट्टा कोणाच्या नावावर?"

"काळुरामाच्या. माजा दीर."

"मग कैद त्याला."

"नं बोल्ले का आमी खोटा नाय बोल्लो, मीठ खराच कमी हाय, तं?"

"तर आगर बंद. ते झालंच."

"मंग खरा कवा बोलायचा व्हता?"

"साहेब यायच्या आधी." हरिहरपंतांनी चष्मा पुसला. "आणि तेव्हाही... लहान आगरं बंद करावीत, त्यांतून चोरटं मीठ फार जातं, अशी शिफारस बोर्डाच्या मेंबरांनीच केली होती. मधुशेठनी केली, स्पष्ट सांगतो. साहेबांना ती पटली. नाके कमी, पहारे कमी, सरकारचा खर्च वाचला. मीठ एका हातात आलं की शेठना भावही बरा मिळेल. म्हणजे तसं कोणाचंच वाईट झालं नाही यात."

"आमचा?"

"तुमचं नाव त्यात कुठं नव्हतंच, बाई. वाईट होण्यासाठीसुद्धा नाव लागतं."

हे ते तिरकस बोलले नाहीत. हळहळूनच बोलले. अशा हळहळणाऱ्या माणसांच्या खांद्यावरच तर सगळं राज्य उभं असतं. मालकाच्या हातातली सुरी दिसते तरी. यांच्या हातात काहीच नसतं, नुसता टाक.

गोदूबाई उठली. "बरा. मी काय बोल्ले नाय समजा."

"ते कसं समजू?" हरिहरपंतांचा चेहरा पडला. "कचेरीत बसून ऐकलंय मी. सरकारचं मीठ खातो. साहेबांच्या कानावर घालावं लागेल."

आणि प्रामाणिक माणूस तो, त्यानं घातलं.

इकडे ऊन आपलं काम करत होतं. उन्हाला कायदा कळत नाही, कुलूप कळत नाही. बंद आगरातलं पाणी दिवसागणिक उतरत गेलं आणि वाफ्यांच्या कडांना आधी साय धरल्यासारखं दिसलं, मग जाळी आली, मग दाणा. गोदूबाईनं सांगितलं होतं तस्संच ते परत वर आलं. सहा घरं बांधाबाहेर उभी राहून बघायची. हात लावायची सोय नव्हती. बांधावर आनंदा शिपाई दंडुका घेऊन बसलेला. एका म्हातारीनं त्याला विचारलं, "आनंदा, आमटीपुरता घेवू का रं मूठभर?" तो म्हणाला, "घे की. मग तुझी आमटी ठाण्याच्या तुरुंगात." पूर्वी हाच आनंदा तिच्या घरी जेवून जायचा.

साहेब परत आला तेव्हा सगळं आगर पांढरं झालं होतं. गाववाल्यांना बांधावर बोलावलं. साहेबाचा चेहरा लाल. या वेळी तो हरिहरपंतांमार्फत काळुरामालाच विचारू लागला.

"साहेब विचारतात, ही बाई कचेरीत म्हणाली की तुम्ही मीठ लपवण्यासाठी पाण्यात घातलं. हे समोर दिसतंय ते तेच मीठ का? विचार करून बोल. हो म्हणालास तर शिपाई बेड्या घेऊन आलाय."

काळुरामानं गोदूबाईकडे बघितलं, मग वाफ्यांकडे. त्याच्या तोंडावर आनंद होता! त्याला वाटलं, साहेब मीठ बघायला आलाय, आता आगर मिळणार. त्यानं तोंड उघडलं. "हो सायेब, आमचाच..."

"नाय!" गोदूबाई मध्ये पडली. "नाय साहेब. त्याला काय म्हाईत नाय. मी खोटा बोल्ले कचेरीन. मीठ नव्हता. कंदीच नव्हता."

"मग हे काय आहे?" हरिहरपंतांनी साहेबाचा प्रश्न सांगितला. ते वाफ्यांकडे बघत नव्हते.

गोदूबाईनं बघितलं. असं मीठ तिच्या हयातीत उतरलं नव्हतं. विरघळून परत आलेलं, दोनदा तापलेलं, टपोरं. उन्हात डोळा ठरत नव्हता.

"खार हाय साहेब," ती म्हणाली. "जमिनीचा खार फुटलाय. त्याला मीठ नाय म्हनत."

साहेबाचा विश्वास बसेना. तो हरिहरपंतांना काही म्हणाला, बेड्या वाजल्या. आणि तेव्हा तिला वाचवायला कोण पुढं आला असेल? मधुशेठ.

"साहेब, या बाईच्या बोलण्यावर काय जायचं? नवरा बुडाला तेव्हापासून डोकं फिरलंय तिचं. सगळ्या कोपरला ठाऊक आहे. काय हो गोदूबाई?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. काळुराम बघत होता. बाकीची पाच घरं बघत होती. मधुशेठ फार मायेनं बघत होता; कैदेत गेलेला मजूर कोणाच्या कामाचा?

गोदूबाईनं मान हलवली. "हो साहेब. डोका फिरलाय माजा."

साहेब हसला, सुटल्यासारखा. बेड्या परत पिशवीत गेल्या. मग त्यानं हुकूम दिला: खार असो की काय असो, पांढरं दिसतंय ते कोणी उचलायच्या आत नष्ट करावं. आगराची सगळी जमीन चिखल घालून तुडवावी. कामाचा मक्ता मधुशेठना द्यावा, कारण त्यांच्याकडे माणसं आहेत.

माणसं म्हणजे हीच. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठचा मुकादम टोपल्या घेऊन आला. खाडीतला काळा चिखल उपसायचा, वाफ्यांत टाकायचा आणि पायांनी मिठात कालवायचा. दिवसाची मजुरी संध्याकाळी मिळेल. काही वेळ कोणीच टोपली उचलली नाही. मग पेजेवर झोपणाऱ्या पोरांच्या एका आईनं उचलली, कारण ते मात्र गोदूबाईनं साहेबाला खरं सांगितलं होतं. मग दुसरीनं उचलली. काळुरामानं उचलली आणि वहिनीकडे न बघता तो खाडीकडे गेला.

गोदूबाई वाफ्यात उतरली. टपोरा दाणा तळव्याखाली करकरला. तिनं लुगडं वर खोचलं आणि तुडवायला सुरुवात केली. जो वाफा तिनं पायांनी मळून घट्ट केला होता तोच. चिखल पडत होता, पांढरं करडं होत होतं, करड्याचं काळं.

"नीट तुडव गं बाई," मुकादम बांधावरून ओरडला. "त्या कोपऱ्यात अजून पांढरं दिसतंय."

ती कोपऱ्यात गेली.